बत्तीआडचे इरले

मळवलीच्या झुंबरबाईचे शेजाऱ्याशी वैर होते ते बांधावरून नव्हे, बत्तीवरून. तिच्या भातखाचराला लागून एक बंगला होता. पुण्याच्या एका कॉलेजात शिकवणारे प्रोफेसर साहेब दर पावसाळ्यात तेथे येऊन राहत. हे एकोणीसशे चौतीसच्या सुमाराचे. हिवाळ्यात ते कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन दर्यावरची पाखरे पाहत आणि पावसाळ्यात मळवलीला पतंग धरीत. बंगल्याचा राखणदार राजमहंमद दिवस मावळताच कुंपणापाशी पांढरी चादर ताणून बांधी व तिच्यापुढे गॅसबत्ती टांगी. चादरीवर बसलेल्या पतंगांतले हवे तेवढे साहेब बाटलीत घालीत.

उरलेले पतंग आपल्या भातावर उतरतात, असे झुंबरबाईचे ठाम म्हणणे होते. गेल्या साली कुंपणालगतच्या खाचरात लोंब्या पांढऱ्या आणि पोकळ निघाल्या होत्या. बाई विधवा, वर्षाचे खाणे त्या एवढ्याशा भातावर.

त्या दिवशी सकाळपासून वारा पिसाळला होता. असल्या वाऱ्यात दर्याचे पाखरू घाट चढून येते, म्हणून साहेब व्हरांड्यात दुर्बीण लावून ढगांकडे पाहत बसले होते. भातरोपांची लावणी, म्हणजे आवणी, उरकून चिखलाच्या पायांनीच झुंबरबाईने राजमहंमदाला कुंपणाशी गाठले.

"बत्ती पल्याड रेल्वेच्या अंगाला ने. माजी आवणी झालीया."

"मावशी, पाकोळ्या काय मी पाळल्यात व्हय? साहेबास्नी सांग."

"चादर तू बांधतूस, साहेब न्हाई."

"मग तू हितं नुसती हुबी ऱ्हा. पाकोळ्या भिऊन पळत्याल."

सांजेला वारा पडला आणि बत्ती लागली. झुंबरबाईने पाठीवरचे पानांचे इरले काढले, आपल्या खाचराकडचा उजेड अडेल असे बत्तीच्या आड उभे केले आणि भुरभुर पावसात भिजतच घरी गेली. तिची पाठ वळताच राजमहंमदाने ते लाथेने उडवले.

पहाटे ती इरले न्यायला आली तेव्हा ते चिखलात पालथे पडलेले होते. तिने ते उचलले. खाली कबुतराएवढे काळसर पाखरू बसले होते. पाय बदकासारखे, चोचीवर नळी. त्याने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. तिने इरले पुन्हा त्यावर पालथे घातले आणि शेजारी ठाण मांडले.

ते पाहून राजमहंमदाने हाक मारली, तसे साहेब अनवाणी धावत आले. तिने इरल्याची कड जराशी उचलून पाखरू दाखवले. "बाई, हे समुद्रावरचं पाखरू! वाऱ्यानं वाट चुकून बत्तीवर आलेलं. याच्यासाठी मी जन्म घालवला. द्या ते."

"आदी बत्ती हलवा."

"साहेब, तिचं ऐकू नगा. मी उचलतो इरलं," राजमहंमद पुढे सरसावला.

"हात लावून बग. मान मुरगाळीन त्याची."

साहेबांचा चेहरा उतरला. "राजमहंमद, आजपासून बत्ती पलीकडे."

राजमहंमद चाचरला. "पल्याड माजं खाचार हाय, साहेब. बिस्मिल्लानं कालच आवलंय." बिस्मिल्ला त्याची बायको.

"मग भ्यायचं काय त्यात?" झुंबरबाई म्हणाली. "पाकोळ्या का तू पाळल्यात?"

तिने इरले उचलले. साहेबांनी पाखरू दोन्ही हातांनी छातीशी धरून नेले. दुपारपर्यंत ते मेले आणि साहेबांनी त्याच्यात कापूस भरला. ते कळल्यावर झुंबरबाई म्हणाली, "मरंना. मला चावलंय त्ये."

सांजेला ती मुद्दाम बांधावर जाऊन उभी राहिली. बत्ती पलीकडे लागली होती, पण तिचा उजेड एका अंगाला कापल्यासारखा थांबत होता. बिस्मिल्लाचे इरले बत्तीच्या आड उभे होते आणि वाऱ्याने पडू नये म्हणून राजमहंमद ते दोन्ही हातांनी धरून होता.

"राजमहंमदा," तिने ओरडून सांगितले, "लाथ मार की त्याला!"

त्याने इरले आणखी घट्ट धरले. त्यानंतर ती दोघे कधी एकमेकांशी बोलली नाहीत.

दिवाळीच्या तोंडाशी कुंपणालगतच्या लोंब्या दाण्यांनी भरून वाकल्या. राजमहंमदाच्याही वाकल्या, आणि ह्याचे तिला शेवटपर्यंत वाईट वाटले.