दिवसा जळणारे दोन बल्ब

मी बी.एस्सी. आहे, तेही भौतिकशास्त्र घेऊन, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मला माफ करायचा मोह कोणाला होऊ नये.

१९९१ सालचा जानेवारी. डहाणूहून तलासरीकडे जाताना आतल्या रस्त्याला आमचं सरकारी आरोग्य केंद्र होतं. मी तिथे कारकून आणि जमनाबाई आया. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. आवाज असा, की रांगेतली माणसं डॉक्टरांपेक्षा तिला जास्त वचकून असत.

तिच्या पाड्यात बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. केंद्रात विस्तवाला बंदी, म्हणून डॉक्टरांनी औषधांच्या खोक्याची एक पेटी करून घेतली होती. झाकणाला दोनशे वॅटचे दोन बल्ब, त्यांच्याखाली जाळी. अपुऱ्या दिवसांचं मूल त्या पेटीत ठेवायचं. आतला तापमापक कधीचा फुटलेला होता आणि नवा मागवायला कोणाला सवड नव्हती. जमनाबाई मनगट आत घालून ऊब बघायची, बाळाचे तळपाय चाचपायची आणि एक बल्ब लावायचा की दोन हे ठरवायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

त्या दिवशी पेटीत उधवा गावच्या मुक्ताचं दीड किलोचं पोर होतं. डॉक्टर डहाणूला बैठकीला गेलेले. भर दुपारी जिल्ह्याहून एक साहेब आले, वीजबचतीच्या मोहिमेवर.

"सूर्य डोक्यावर आलाय आणि इथे चारशे वॅट जळतायत?" ते मला म्हणाले.

जमनाबाई पुढे झाली. "तो दिवा उजेडाला नाय, साहेब. तो शेकाला हाय."

साहेब हसले. बल्ब काढून कपाटात कुलूपबंद करायचे, वर ट्यूबलाइट लावायची, असा लेखी हुकूम त्यांनी मला दिला. चाळीस वॅटमध्ये भरपूर उजेड मिळतो म्हणाले.

ते खरंच होतं, आणि मेख तिथेच होती. बल्बमधली तार केसासारखी बारीक. तिच्यातून वीज रेटावी लागते, म्हणून ती अडीच हजार अंशांपर्यंत तापते. काचेत हवा असती तर क्षणात जळून गेली असती. एवढं तापल्यावर कुठे ती प्रकाश देते, आणि तोही किती? शंभरातले पाच भाग. बाकीची सगळी उष्णता. म्हणजे बल्ब ही मुळात शेगडीच, उजेड तिच्यातून सांडतो तेवढाच. ट्यूबमध्ये तापून उजेड देणारी तार नाही, आतल्या पाऱ्याच्या वाफेमुळे काचेवरची पांढरी भुकटी चमकते. म्हणून ट्यूब वीज कमी खाते आणि म्हणूनच कोमट राहते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. साहेबांसमोर मी म्हणालो, "हो साहेब."

बल्ब निघाले. चावी माझ्या खिशात आली. साहेब डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये जेवायला बसले.

अर्ध्या तासाने जमनाबाई आली. "भाऊसाहेब, पोराचं पाय गार पडलं. चावी द्या."

"साहेब जेवून गेले की लगेच देतो," मी म्हणालो. "लेखी हुकूम आहे, जमनाबाई. मलाही बायकापोरं आहेत."

"तिलाबी हाय," ती पेटीशेजारी बसलेल्या मुक्ताकडे बोट दाखवून म्हणाली. तिने स्वयंपाकखोलीतून वरवंटा आणला आणि तीन घावांत कुलूप तोडलं. मी खुर्चीत बसून होतो. मला आज त्या खुर्चीची चीड येते.

घाईत लावलेला एक बल्ब सैल बसला आणि लुकलुकायला लागला. फडकं शोधायला ती थांबली नाही. पेटता बल्ब तिने नुसत्या हाताने दाबून पिळला. चर्र असा आवाज मी टेबलापाशी ऐकला. मग बल्ब स्थिर झाला, आणि भाजलेला हात मागे धरून तिने दुसरं मनगट आत घातलं. संध्याकाळपर्यंत पोराचे पाय गरम झाले. ते जगलं.

साहेबांनी जाताना तुटलेलं कुलूप पाहिलं होतं; आठवड्याने तिच्या नावावर मेमो आला. सरकारी कुलूप तोडलं, हुकूम मोडला, खुलासा द्या. तिने सांगितला तसा खुलासा मी लिहिला: "पोर गार पडलं होतं." खाली तिचा अंगठा घेतला. कागद परत आला. शेरा होता, "अंगठ्याचा ठसा अस्पष्ट. पुन्हा घ्यावा."

पुन्हा घेतला. फोड फुटून अंगठ्यावर गुळगुळीत नवी कातडी आली होती. एकही रेघ उमटली नाही, नुसता निळा डाग.

"आता काय करायचं, भाऊसाहेब?" तिने विचारलं.

मी कागद माझ्याकडे ओढला आणि त्या डागाखाली लिहिलं: "अंगठा दोनशे वॅटच्या बल्बने भाजलेला आहे. त्या वेळी कपाटाची चावी माझ्या खिशात होती." खाली पूर्ण सही केली, नावापुढे बी.एस्सी. लिहून.