विहीणबाईंचा दहावा डबा

मुलीच्या लग्नात मी विहीणबाईंशी मानपानावरून भांडले नाही. ते सगळं मी उद्योजकता वर्गासाठी शिल्लक ठेवलं होतं, असं आता वाटतं.

पर्यावरण सांभाळून खाद्यपदार्थांचा व्यवसाय कसा सुरू करायचा, हे शिकवणारा तो वर्ग ठाण्यात होता. मी डोंबिवलीहून जायचे, विहीणबाई बाळकुमहून यायच्या. मी तीन रंगांच्या पेनांनी उतरवून घ्यायचे, त्या नुसत्या ऐकायच्या. आणि मॅडम शिकवताना बघायच्या मात्र त्यांच्याकडे.

शेवटची परीक्षा अशी: दहा घरी स्टीलच्या डब्यातून आपला पदार्थ द्यायचा आणि शनिवारपर्यंत डबे परत आणायचे. प्लास्टिक नाही, कचरा नाही. दहाही डबे परत आणेल तिला प्रदर्शनात स्टॉल. स्टॉल एकच. मला तो हवा होता. लेकीने एकदा तरी सासूसमोर अभिमानाने "माझी आई" म्हणावं, एवढ्यासाठी.

माझी थालीपिठं होती, त्यांचं वालाचं बिरडं. त्यांनी दहावा डबा नेमका मलाच दिला. "ताई, कसं झालंय ते मोकळेपणाने सांगा हां."

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, खाल्लंस बिरडं?"

"खाल्लं. मीठ जरा..."

"जरा काय?"

"जरा बरोबरच होतं."

आता डबा परत द्यायचा. पण विहिणीचा डबा रिकामा कसा द्यायचा? आणि त्या बिरड्याच्या तोडीचं त्यात घालायचं तरी काय? मंगळवारी शंकरपाळे केले, ते दगड झाले. "हे विकणार असशील तर शेजारी दातांचा डॉक्टर बसव," आमचे हे म्हणाले. गुरुवारी पुन्हा केले, ते जमले. तरी डबा दिला नाही. खरं सांगते, माझे दहाही डबे आले होते आणि त्यांचे नऊच, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी मॅडमनी मोजणी केली. "यांचा दहावा कुठाय?"

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "येईल. माणसं चांगली आहेत."

टोमणा मारला असता, तर डबा मी पिशवीतच दाबून ठेवला असता. या वाक्यापुढे काही चालेना. "अगंबाई, माझ्याकडेच राहिला की!" म्हणत मी तो बाहेर काढला.

मॅडमनी झाकण उघडलं. "आत काय हे?"

"शंकरपाळे. रिकामा कसा देणार?"

सगळा वर्ग हसला. बरोबरी झाली म्हणून मॅडमनी दोघींचे पदार्थ चाखले, आणि स्टॉल बिरड्याला गेला.

प्रदर्शनाला गेले, हसरा चेहरा करून. स्टॉलवर बिरड्याशेजारी एका बशीत माझे शंकरपाळे! एक बाई खाऊन म्हणाल्या, "काय खुसखुशीत झालेत हो तुमचे!" मी कान टवकारले. आता या गप्प बसतील आणि मला महिनाभर पुरेल एवढा राग मिळेल, अशी आशा होती.

"माझे नाहीत, माझ्या विहीणबाईंचे," म्हणत त्यांनी मला पुढे ओढलं.

"माझी आई," मागून लेक म्हणाली, चांगली मोठ्याने.

हवं होतं ते मिळालं. पण तेही मेलं त्यांच्याच स्टॉलवर!