चौकटबाई आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक

ऑफिसात तिला सगळे चौकटबाई म्हणत. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीसाठी ती तक्रारीचे ऑनलाइन फॉर्म बनवायची, आणि एकदा बसली की चौकटींना अंत नसे. जन्मतारीख विचार, ईमेल विचार, शिक्षण विचार. वर प्रत्येकीला लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. गिऱ्हाइकं वैतागून फोन करतात, अशी कुरकुर फोनवरच्या मुली करत. "लोकांना वाचायचाच कंटाळा," म्हणून ती त्यांना उडवून लावायची. फ्रिज बिघडलेल्या माणसाचं शिक्षण कशाला हवं, हे तिला कधी सुचलंच नाही.

तिच्या वडिलांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. बंद यंत्र दिसलं की म्हातारा खुलायचा. पुढच्या आठवड्यापासून ते वाचनालयात मुलांना दुरुस्ती शिकवणार होते. त्या आनंदात हत्यारांची पेटी रोज पुसून ठेवत.

अशातच घरच्या फ्रिजचं दार नीट लागेना. "फ्रिज म्हणजे काही रेडिओ नाही. तुझ्याच कंपनीचा फॉर्म ना? मी भरतो. तू लुडबुडू नकोस," बाबा म्हणाले.

ती शेजारीच मटार सोलत बसली. बाबांनी फोन नंबर लिहिला, बोलताना थांबतात तसा मध्ये जागा सोडून. 'अवैध माहिती' असं लाल अक्षरांत उमटलं आणि सगळ्या चौकटी कोऱ्या झाल्या. कुठली माहिती चुकली, ते फॉर्म सांगेना. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून भरलं. मग फ्रिजमागचा क्रमांक हवा होता. फ्रिज ओढून, वाकून, तो टिपून येईपर्यंत फॉर्म भरायची वेळ संपली होती.

बाबांनी चष्मा काढला. "माझं डोकंच चालेनासं झालंय. वाचनालयात कळव, मला काही जमायचं नाही."

तिने मटार बाजूला सारले. "बाबा, फॉर्मच वाईट आहे हो."

"उगाच समजूत काढू नकोस. बाकीचे भरतातच ना?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने चौकटींवर कुऱ्हाड चालवली. नंबर कसाही लिहा, चालेल. चूक झाली तर तिथल्या तिथे सांगायचं, तेही माणसासारखं; बाकीचं भरलेलं पुसायचं नाही. क्रमांक सापडला नाही तरी पुढे जा.

"शिक्षणाची चौकट काढलीत?" साहेबांनी विचारलं.

"फ्रिजला त्याशिवाय चालतं, साहेब."

संध्याकाळी तिने फॉर्म बाबांपुढे ठेवला. "पहिलं गिऱ्हाईक तुम्ही." बाबा नको नको म्हणत बसले, आणि ती हाताची घडी घालून बसून राहिली. मदत न करणं तिला फार जड गेलं. बाबांनी नंबर मध्ये जागा सोडूनच लिहिला. फॉर्मने तो मुकाट घेतला आणि शेवटी उमटलं, 'तक्रार मिळाली. उद्या आमचा माणूस येईल.'

"अरेच्चा! पण उद्या नको," बाबा म्हणाले. "दाराचं रबर मी दुपारीच बसवलं."

"मग फॉर्म कशाला भरलात?"

"तू एवढी आशेने बसलीस म्हणून. आता ही तक्रार रद्द कुठून करायची?"

बाबा फॉर्म वर-खाली सरकवत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी चढली. आता पुन्हा स्वतःच्या डोक्याला दोष देतील, अशी तिला धास्ती वाटली.

"पोरी," बाबा खेकसले, "रद्द करायचं बटणच ठेवलं नाहीस की तू! असा फॉर्म करतात का?"

तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाबा मात्र हत्यारांची पेटी पुसायला उठले होते.