तपासले, दोष नाही

पंपघरातून निवृत्त होताना फोरमनसाहेबांनी घरी दोन गोष्टी आणल्या: निरोपाचं घड्याळ आणि तक्रारवहीची पद्धत. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. वही मात्र अजून स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने टांगलेली आहे. नळ गळो की मिक्सर खरखरो, तारीख घालून लिहायचं. तोंडी तक्रार साहेबांच्या कानात शिरतच नाही.

बायकोला सुरुवातीला गंमत वाटायची. "अहो, मीठ संपलंय, तेही लिहू?"

"ती तक्रार नाही, मागणी झाली. मागणीचं पान वेगळं."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गाडीत तिला घेरी आली. त्यानंतर ती त्या गाडीत बसलीच नाही. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त बसायची बंद झाली. आज दोघांना लेकीकडे जायचं होतं, आणि तिनं स्वतःपुरती बाराची टॅक्सी सांगून ठेवली होती.

"बाराच्या आत एसी ठणठणीत करतो," साहेबांनी सकाळीच जाहीर केलं. "मग तर बसशील?"

"आधी होऊ तर द्या," ती भाजी निवडत म्हणाली.

साहेबांनी बॉनेट उघडलं. फ्यूज काढून पुसला, परत बसवला. पुढच्या जाळीवर पाइपने पाणी मारून कित्येक वर्षांची धूळ धुतली. गाडी सुरू करून एसी लावला. पंखा फिरत होता. कॉम्प्रेसरने टक् असा आवाज करून हजेरी दिली. कुंपणापलीकडून शेजारचे मास्तर डोकावले.

"काय फोरमन, ऑपरेशन की पोस्टमॉर्टेम?"

"निदान चाललंय. मध्ये बोलू नका."

मग त्यांनी जाड नळीला हात लावला आणि चमकले. नळी गारेगार, वर पाण्याचे थेंब. म्हणजे गारवा तयार होत होता, आत पोचत नव्हता. साहेब आयुष्यभर पंपावर होते. पाणी भरपूर आणि नळाला धार नाही, तर माणूस आधी कुठे बघतो? गाळणीत.

गाडीचा पुढचा खण त्यांनी उतरवला. मागे हवेचा फिल्टर होता. गाडी घेतल्यापासून नऊ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. बाहेर आला तो फिल्टर कसला, जुनी गोधडीच: धूळ, वाळकी पानं, दोन पिसं. तो काढून ठेवताच हवेचा झोत असा आला की डॅशबोर्डवरची पावती उडून मागच्या सीटवर गेली. काम दहा मिनिटांचं. पावणेबारा वाजून गेले होते.

खुशीत येऊन साहेब वहीत 'दोष दूर केला' लिहायला गेले. गाडीची जुनी नोंद शोधायला पानं मागे उलटली.

तीन उन्हाळ्यांपूर्वी, बायकोचं अक्षर: 'गाडीत हवा थंड आहे, पण माझ्यापर्यंत फार कमी येते.' खाली लाल शाईत: 'तपासले. दोष नाही.' तपासले म्हणजे काय, तर कॉम्प्रेसरची टक् ऐकली होती.

पुढच्या वर्षी: 'हवा जवळजवळ येतच नाही.' लाल शाई: 'तपासले. दोष नाही. काच खाली करावी.'

गेल्या वर्षी, घेरी आली त्या दिवशी, तिनं फक्त तारीख घातली होती. पुढे ओळ कोरी. आणि तिच्याखालीही लाल शाई होतीच: 'तक्रार अपूर्ण.'

साहेबांनी काही न लिहिता पेनाला टोपण लावलं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

ती चपला घालून आली. साहेब आधी जाऊन गाडी सुरू करून उभे होते. तिनं गाडीच्या दारातून वाकून तिच्या बाजूच्या जाळीसमोर हात धरला.

"येतेय की हो हवा."

तू म्हणत होतीस तेच निघालं, असं साहेबांना म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "फिल्टर होता."

"असेल."

"बस ना."

"टॅक्सीवाला दारात येऊन थांबलाय. आता त्याला काय सांगू?" तिनं पिशवी सावरली. "तुम्ही या मागून. सावकाश या."

साहेब मागून निघाले. पुढच्या टॅक्सीला एसी नव्हताच. चारही काचा खाली होत्या आणि तिचे केस वाऱ्यावर उडत होते. यांच्या गाडीत मात्र रिकाम्या सीटवर थंडगार झोत पडत होता. एका सिग्नलला त्यांनी हात लांबवून ती जाळी बंद केली.

पुढच्या सिग्नलला पुन्हा उघडली.