पाचव्या मिनिटाचा प्रश्न

व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीमागच्या नर्सला सगळे ‘आ-करा सिस्टर’ म्हणत. नशा सुटावी म्हणून सरकार जी गोळी फुकट देतं, ती त्यांच्यासमोरच जिभेखाली धरायची, दहा मिनिटं विरघळू द्यायची आणि मग आ करून दाखवायचं. गालात दडवून कुणी बाहेर विकू नये, म्हणून ही शिस्त. सिस्टरांच्या सख्ख्या भावानं नशेपायी घरातली भांडीसुद्धा विकली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; सिस्टर तर पाणीही फुंकत.

त्यांची एक युक्ती होती. पाचव्या मिनिटाला त्या सहज काहीतरी विचारत. गोळी तोंडात असलेला बोबडं बोलतो. खणखणीत बोलला तो चोर!

आता नवा नियम आला होता. वर्षभर न चुकता येणाऱ्याला आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला द्यायच्या, त्यासाठी आधी नर्सची सही आणि मग डॉक्टरांची मंजुरी हवी. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय! पहिला अर्ज रंगाऱ्याचा. चौदा महिने एक खाडा नाही. दुसऱ्या शहरात पूल रंगवायचं काम मिळालेलं, सोमवारची गाडी. गोळ्या सोबत मिळाल्या नाहीत तर काम हातचं जाणार होतं.

शनिवारी सकाळी सिस्टरांनी गोळ्यांचा नवा खोका फोडला. रांगेत पहिला रंगारीच.

पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, “सासूबाईंचा गुडघा काय म्हणतोय?”

“तो कधी बोलणार? सासूबाई बोलू देतील तर ना!” रंगारी स्वच्छ बोलला.

“आ करा. गोळी कुठंय?”

“विरघळली, सिस्टर.”

“चौदा महिने दहा मिनिटं लागत होती, आणि आजच बरी विरघळली! चोर कुठले!” त्यांनी अर्जावर फुली मारली. रंगारी निघून गेला.

मग शिवणकाम करणारी मावशी आली. पाचव्या मिनिटाला तीही खणखणीत बोलली. तिच्यामागचा ड्रायव्हरही. सिस्टरांनी खोका उलटून पाहिला. गोळी नवी होती, पाच मिनिटांच्या आत विरघळणारी. तसं पत्रकही आलं होतं, पण सरकारी कागदावर विश्वास नाही म्हणून त्यांनी ते न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

त्यांनी फुली खोडून सही केली, डॉक्टरांची मंजुरी घेतली आणि सोमवारी गोळ्यांचं पाकीट घेऊन स्वतः बसस्टँड गाठला. रंगारी ब्रशांची पिशवी घेऊन उभा होता. पाकिटाला त्यानं हात लावला नाही.

“वाटेत झडती झाली तर? तुम्हीच म्हणाल, चोरल्या.”

“अहो, मी देतेय ना!”

“परवा चोर कोण म्हणालं?”

सिस्टर आधी भडकल्या, मग शरमल्या. पाकिटावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, सही केली, फोन नंबर लिहिला. रंगाऱ्यानं ते दोनदा वाचलं, मोबाइल काढला आणि तो नंबर लावला. सिस्टरांच्या पर्समध्ये फोन वाजला.

तेव्हा कुठं त्यानं पाकीट घेतलं.