जास्तीचा पाटा

सक्करदऱ्यात आमचं बिछायतीचं दुकान. मांडवाचे लोखंडी पाइप, गाद्या, खुर्च्या, सगळी ने-आण एका जुन्या पिकअपवर. लग्नसराईत दोन फेऱ्यांचा माल मी एकाच फेरीत कोंबायचो. गाडी मागून पार बसायची, चाकं वर घासायची. मी अक्कल चालवली. जरीपटक्यातल्या मिस्त्रीकडून मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, एकेक जाड पोलादी पाटा जास्तीचा टाकून घेतला.

बाबा म्हणाले, "रिकामी गाडी उडन ना गा! काहून टाकून राहिला?"

"रिकामी चालवते कोन?" मी म्हटलं. म्हाताऱ्याला काय कळतं, असाच माझा तोरा होता.

त्याच उन्हाळ्यात पारशिवनीजवळच्या एका गावात मांडव घालताना बाबा शिडीवरून पाठीवर पडले. शुद्धीवर होते. कंबर धरली होती, पण दोन्ही पायांची बोटं हलत होती. मी स्वतः पाहिली. अँब्युलन्सला तास लागणार होता आणि मला धीर निघेना. माल उतरवलेलाच होता. आमच्याच दोन गाद्या टाकून त्यांना पिकअपमध्ये निजवलं. गावातली सात-आठ माणसं सोबत यायला मागे चढली, तर मी खेकसलो, "उतरा खाली, तमाशा हाय का?" बिचारी उतरली. बाबांचे खांदे धरायला आमचा एक गडी तेवढा बसला.

पहिल्याच खड्ड्यात गाडी मागून उसळली आणि बाबा किंचाळले. केबिनच्या मागच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "मानसं बसव गा मांगं! वजन पाह्यजे गाडीले!"

खरं होतं. ती सात-आठ माणसं असती तर पाटे थोडे तरी दबले असते. गाव अजून दिसत होतं, वळायला पाच मिनिटं पुरली असती. पण ज्यांना हाकललं त्यांच्याच हातापाया कोण पडणार?

"पोचूनच राहिलो, बाबा," मी ओरडलो.

गाडी हळू घेतली, तरी प्रत्येक खड्डा थेट त्यांच्या पाठीत जात होता. कन्हानच्या अलीकडे त्यांचं ओरडणं थांबलं. आराम पडला वाटून मला बरं वाटलं. मग गडी खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, बाबाचे पाय सुन्न झाले म्हनते."

दवाखान्यात डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचली. बाबा छताकडे पाहत होते.

"पाय कधीपासून हलत नाहीत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं.

"पडलो तवापासूनच, साहेब," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. मी लिहू दिलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

बाबा आता खाटेवरच असतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते अजून तेच सांगतात, पडलो तवाच पाय गेले. मी घरात असलो, की जरा मोठ्याने सांगतात.