बॉलर नाही, पिचर!

मंडळी, आज सकाळी अमेरिकेहून फोन आला. कतारमध्ये मी ज्या इंजिनिअर साहेबांची गाडी चालवायचो, त्यांच्या मुलीचा. म्हणाली, "अंकल, डॅडी आता मलाही ओळखत नाहीत. तुम्ही बोलून बघता?"

मी काय बोलणार? दोह्याहून साइटवर जाताना साहेब अमेरिकेतून पोस्टाने आलेल्या शिळ्या पेपरातले बेसबॉलचे हिटर, पिचर मला वाचून दाखवायचे. तेच काढलं.

"साहेब, त्र्याऐंशीच्या सीझनला सगळ्यात भारी बॉलर कोण हो?"

साहेब एकदम खेकसले, "बॉलर नाही, पिचर! किती वेळा सांगायचं, शंकर?"

मग एकेक नाव सांगत सुटले. मुलगी रडत होती, मी नुसता "हां साहेब, हां साहेब" करत होतो.

तुमच्या घरी असं कुणी विसरत चाललंय का? त्यांच्या आवडीचं काही विचारून बघितलंत?